दात कोरून

आ कर, रीशा.
इथं तिच्याशी सगळे अरबीत बोलतात.
मी जतकडचं बोलतो: आ कर गं बये, उगं नखरं नकोत.
ती आधी मान वळवते, लिवाच्या वाळूकडं बघते,
जणू मी पाण्याचा नळ आहे, चालू राहिलेला.
मग ओठ उचलू देते. डावा.
रोज डावाच आधी.

बोटावर रबरी टोपी, टोपीवर कोंबडीच्या चवीची पेस्ट
(पहिल्याच आठवड्यात चाटून बघितली होती मी,
वाईट नाही, मीठ कमी).
सुळ्यापासून धरायचं, हिरडीच्या कडंकडंनं,
मागच्या मोठ्या दाढेशी थांबायचं,
तिथं किटण लपून बसतं, वसुलीला आलेल्या माणसासारखं.
मी एकोणतीसचा पाढा म्हणतो.
तो संपेपर्यंत दाढ होते,
कारण एकोणतीसचा मला कधीच पटकन आला नाही.

डॉक्टर हनानबाईंनी बजावलंय:
शिकारी जात ही, अंगावर चरबी नाही,
भूल दिली तर उतरायला वेळ लागतो,
कधी कधी फार.
म्हणून किटण धरूच द्यायचं नाही.
म्हणून तू, म्हणाल्या.
करारात एवढंच आहे: मदतनीस, जनावरं, इतर.
मी इतरमध्ये येतो.

आण्णांची कारवानी होती, वावटळ नावाची.
म्हणतात तिचे पूर्वज इकडूनच गेले,
व्यापाऱ्यांच्या उंटांमागं चालत.
रीशाचा कान बाजूला केला की पटतं,
तेच लांब तोंड, तोच मोठेपणा.
वावटळीला ताकात कुस्करलेली भाकरी.
तिचे दात कुणी बघितले नव्हते, सशाशिवाय.
नवव्या वर्षी तिनं ससा आणला आणि अंगणात ठेवला,
तो उठला, आणि गेला.
आण्णा हसले नाहीत.
आईनं मशेरीचं बोट धुतलं,
स्वतःची भाकरी दुधात भिजवली,
आणि त्यातली अर्धी तिच्यापुढं सरकवली.
दोघींचा घास तेव्हापासून एकाच वाटीतला.

इथला ससा चिंध्यांचा.
पिकअपला बांधलेला, धुरळ्यात उड्या मारत जातो,
आणि कुत्री जीव तोडून मागं.
पकडला तरी चावायला काय आहे त्यात?
मुसब्बह साहेब पाहुण्यांपुढं तिचा ओठ वर करतात,
मेंदी लावलेला पंजा हातात घेऊन, नवरीचा घ्यावा तसा.
हत्तीला दाखवायचे वेगळे असतात म्हणे.
हिला फक्त तेच उरलेत.
पाहुणे म्हणतात, माशाल्ला.
मी मागं बादली धरून उभा,
आणि माझ्या छातीत उगाचच काहीतरी फुगतं.

निघताना आण्णा म्हणाले होते,
दात कोरून पोट भरत नसतं, लेका.
एवढ्या पगारासाठी एवढ्या लांब कशाला?
आण्णा, भरतं.
पाच जणांचं भरतं, वर विहिरीची मोटर आली.
हे सांगायला फोन लावला तेव्हा
तुम्ही झोपला होता, आणि नंतर
सांगण्यासारखं राहिलं नाही.

माझी उजवी खालची दाढ तीन महिने ठणकतेय.
विम्याच्या कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलंय:
दात सोडून.
तर लवंग. तर डावीकडून चावणं.
सुट्टीला गेलो की सांगलीत काढून टाकू, असं म्हणत
दोन सुट्ट्या गेल्या.
काल पाढा चालू असताना रीशानं तोंड पुढं आणलं,
माझ्या गालाला हुंगलं, उजव्याच,
बराच वेळ.
आणि मग घरंदाज बाईसारखी
नजर बाजूला केली, काही कळलंच नाही असं दाखवत.

झालं, म्हटलं मी. मीट तोंड.
तिनं मिटलं, माझं मनगट आत असतानाच,
हळू, इतकं हळू
की सुळा लागला ते गार असल्यामुळंच कळलं.
खूण राहिली नाही.
दिव्याखाली बघितलं दोनदा.

ब्रश उन्हात वाळत घालायचा असतो.
रात्र आहे. खिडकीत ठेवतो.